मागितलेले सारे देऊनही नाकारला गेलेला कॅमेरा : लायका एम५ (१९७१)

१/ १९७१ साली जर्मनीतील वेट्झलार या लहानशा शहरातून एक नवा कॅमेरा बाजारात आला. त्याच्या निष्ठावंत वापरकर्त्यांना जी उणीव वर्षानुवर्षे खुपत होती, नेमकी तीच त्याने भरून काढली होती. तरीही चार वर्षांत त्याचे उत्पादन थांबले आणि त्याच्याबरोबर कॅमेऱ्यांची एक सबंध परंपरा संपण्याची वेळ आली. हा धागा त्या कॅमेऱ्याचा, लायका एम५ चा.

२/ 'चाहते हट्टी होते, त्यांना बदल नको होता' हे या घटनेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण. ते अनेकदा दिलेही जाते. पण याच चाहत्यांनी सतरा वर्षांपूर्वी याहून कितीतरी मोठा बदल आनंदाने स्वीकारला होता. मग १९५४ मध्ये जे घडले ते १९७१ मध्ये का घडले नाही? त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

३/ ऑस्कर बार्नाक हा कुशल यंत्रकार १९११ मध्ये वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात रुजू झाला. हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होता. त्या काळी छायाचित्रण म्हणजे जड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या पट्ट्यांचे ओझे. बार्नाकने चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती उभी न चालवता आडवी चालवली आणि चित्रपटाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरची चौकट मिळवली. १९१४ पर्यंत त्याचा पहिला नमुना तयार होता.

४/ महायुद्ध आले, नंतर जर्मनीत महागाईचा भस्मासुर आला. त्या पडझडीतून देश नुकता सावरत असताना, १९२४ मध्ये, कारखान्याचे प्रमुख एर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी हा कॅमेरा बनवण्याचा धोका पत्करला. १९२५ च्या लाइपझिग वसंत मेळ्यात तो लोकांसमोर आला. 'लाइट्झ' आणि 'कॅमेरा' या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून नाव ठरले : लायका.

५/ या छोट्या यंत्राने छायाचित्रकाराला रस्त्यावर आणले. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ याने १९३२ मध्ये लायका घेतला आणि पुढे तो त्याच्या हाताचा भागच झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्याने गांधीजींची भेट घेतली होती. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्रीची आणि अंत्ययात्रेची त्याने टिपलेली छायाचित्रे आजही जग पाहते.

६/ अशा कामात कॅमेऱ्याकडे पाहायला सवड नसते. नजर समोरच्या माणसांवर असते आणि बोटे आपले काम आपसूक करतात. शटरची कळ कुठे, तबकडी किती फिरवायची, लेन्सवरचा खटका कोणत्या कोनात आला की अंतर किती, हे बोटांना पाठ झालेले असते. तबलजी हाताकडे पाहून ठेका धरत नाही, तसेच हे. पुढच्या घटनांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

७/ १९५४ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात लायका एम३ आला. जुन्या लायकात लेन्स आट्यांवर फिरवून बसवावी लागे. आता ती थोडीशी फिरवून पटकन अडकवता येऊ लागली. फोकस साधण्याची खिडकी आणि दृश्य पाहण्याची खिडकी पूर्वी वेगवेगळ्या होत्या, त्या एक झाल्या. लेन्स बदलताच तिला अनुरूप चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये आपोआप दिसू लागली. फिल्म पुढे सरकवायला गोल बटणाऐवजी खटका आला.

८/ म्हणजे जवळजवळ सारेच बदलले होते. शिवाय एम३ हा आधीच्या लायकापेक्षा आकाराने मोठा होता आणि वजनानेही जड होता. लेन्स बसवण्याची पद्धतच बदलल्यामुळे जुन्या ग्राहकांच्या महागड्या लेन्स एका दिवसात निरुपयोगी ठरण्याची भीती होती. बंड होण्यासाठी याहून चांगले कारण कोणते? पण बंड झाले नाही.

९/ याचे एक कारण म्हणजे एक साधे धातूचे कडे. ते जुन्या आट्यांच्या लेन्सवर चढवले की ती लेन्स नव्या एम३ वर बसे आणि पूर्ण क्षमतेने चाले. ज्यांना जुनाच साचा हवा होता त्यांच्यासाठी कंपनीने १९५७ मध्ये आट्यांच्या पद्धतीचा आणखी एक लायका काढला आणि तो १९६० पर्यंत बनवला. जुन्या ग्राहकाला दार बंद झाल्याचे कधी जाणवलेच नाही.

१०/ दुसरे कारण म्हणजे लाभ पहिल्याच क्षणी प्रत्ययास येत होता. एम३ डोळ्याला लावताच मोठे, स्वच्छ दृश्य दिसे. आकार वाढला तो डोळ्यासाठी वाढला, हे सांगावे लागत नव्हते. १९६६ पर्यंत सुमारे सव्वादोन लाख एम३ बनले. निष्ठावंत ग्राहक बदलाला घाबरतो हा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

११/ मात्र एम३ च्या याच वैभवकाळात वारे फिरू लागले होते. १९५० मध्ये अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याने टोकियोत निक्कोर लेन्स पाहिल्या. त्या त्याला इतक्या पसंत पडल्या की कोरियाच्या युद्धात त्याने आपल्या लायकावर त्याच लावल्या. जपानी लेन्स जर्मन लेन्सच्या बरोबरीला बसू शकते, ही गोष्ट वृत्तछायाचित्रकारांत पसरली.

१२/ १९५९ मध्ये निकॉन एफ आला. तो सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे एसएलआर होता. त्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आणि तिथून माथ्यावरच्या लोलकातून डोळ्यापर्यंत जातो. जे दिसते तेच फिल्मवर उमटते. लायकात मात्र दृश्य वेगळ्या खिडकीतून दिसते आणि दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधला जातो. या दुसऱ्या पद्धतीला रेंजफाइंडर म्हणतात.

१३/ दोन्ही पद्धतींचे आपापले गुण होते. रेंजफाइंडर शांत असतो, कारण आरसा आपटत नाही. अंधुक प्रकाशात त्यावर फोकस जुळवणे सोपे जाते आणि चौकटीबाहेरून आत येणारा माणूसही दिसतो. पण दूरचे जवळ आणणाऱ्या लांब लेन्स, फुलापाखरांची निकटची चित्रे, खेळाची मैदाने ही एसएलआरची हक्काची क्षेत्रे. १९६० च्या दशकात बाजार वेगाने एसएलआरकडे वळला.

१४/ त्यातच प्रकाशमापनाची क्रांती झाली. फिल्मवर नेमका किती प्रकाश पडू द्यायचा हे ठरवण्यासाठी आधी वेगळा प्रकाशमापक खिशात बाळगावा लागे. १९६३ मध्ये जपानच्या टॉपकॉनने आणि १९६४ मध्ये पेंटॅक्सच्या स्पॉटमॅटिकने लेन्समधून आलेला प्रकाशच कॅमेऱ्याच्या आत मोजायला सुरुवात केली. लेन्स कोणतीही असो, मापन तिच्यातूनच. हौशी माणसाच्या कॅमेऱ्यातही आता ही सोय आली.

१५/ लायकाच्या धन्याची अवस्था मात्र चमत्कारिक होती. जगातील सर्वांत महागड्या कॅमेऱ्यांपैकी एक हातात, आणि प्रकाश मोजायला माथ्यावर एक वेगळा डबा बसवायचा. तो डबा शटरच्या तबकडीला जोडला जाई खरा, पण प्रकाश मोजे तो स्वतःच्या खिडकीतून, लेन्समधून नव्हे. १९६७ मध्ये आलेला एम४ हाताळणीत फार सफाईदार होता, परंतु प्रकाशमापक त्यातही नव्हता.

१६/ म्हणून मागणी उघड होती : लायका हवा, पण आत प्रकाशमापक असलेला. लाइट्झच्या अभियंत्यांपुढे अडचण होती ती जागेची. एसएलआरमध्ये आरसा आणि लोलक असल्यामुळे प्रकाशाचा अंश हवा तिथे वळवता येतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे थोडीशी अंधारी पोकळी आणि तिच्यामागे लगेच शटरचा पडदा. मोजणारा घटक ठेवायचा कुठे?

१७/ एम५ मध्ये त्यांनी काढलेला तोडगा यांत्रिक कल्पकतेचा नमुना होता. कॅडमियम सल्फाइडचा छोटा प्रकाशसंवेदी घटक एका आखूड दांडीच्या टोकावर बसवला. फिल्म पुढे सरकवली की दांडी वर येऊन शटरच्या पडद्यासमोर उभी राही आणि लेन्समधून येणारा प्रकाश मोजी. शटरची कळ दाबताच, पडदा उघडण्यापूर्वी, ती वाटेतून खाली लपून बसे. चित्रावर तिची सावली कधी पडत नसे.

१८/ मापन दृश्याच्या मधल्या लहानशा वर्तुळापुरते होते, त्यामुळे प्रकाशाविरुद्ध उभ्या माणसाच्या चेहऱ्याचेही अचूक माप मिळे. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी शटरचा वेग आणि मापकाची सुई दिसे. वेगाची मोठी तबकडी कॅमेऱ्याच्या पुढच्या कडेबाहेर किंचित डोकावत असल्याने डोळा न हलवता एका बोटाने फिरवता येई. लायकाच्या रेंजफाइंडर परंपरेतील लेन्समधून प्रकाश मोजणारा हा पहिला कॅमेरा.

१९/ बॅटरी संपली तरी कॅमेरा अडत नसे, कारण शटर पूर्णपणे यांत्रिक होते. बॅटरी लागे ती फक्त मापकाला. म्हणजे जुन्या लायकाचा भरवसा कायम आणि नव्या युगाची सोय हाताशी. कागदावर पाहता चाहत्यांनी मागितलेले प्रत्येक कलम एम५ ने पूर्ण केले होते. नाराजीला जागाच उरायला नको होती.

२०/ पण हलणारी दांडी, तिला उचलणारी यंत्रणा आणि मापकाची सुई यांना जागा हवी होती. एम३ पासून एम४ पर्यंत लायकाचे शरीर १३८ मिलिमीटर लांब आणि ७७ मिलिमीटर उंच राहिले होते. एम५ लांबीला एका सेंटिमीटरहून थोडा अधिक वाढला आणि उंचीला त्याहून थोडा कमी. आकड्यांत हा फरक बोटाच्या पेराएवढाही नाही. हातात घेतल्यावर मात्र तो दुसराच कॅमेरा होता.

२१/ इतर बदलही झाले. पट्टा अडकवण्याच्या दोन्ही कड्या डाव्या बाजूला गेल्या, त्यामुळे कॅमेरा गळ्यात आडवा न लटकता उभा लटकू लागला. संपलेली फिल्म मागे गुंडाळण्याची किल्ली माथ्यावरून तळाशी गेली. गोलसर, आटोपशीर बांध्याच्या जागी चौकोनी, ठाशीव रूप आले. कड्यांबद्दलची कुरकुर इतकी वाढली की पुढच्या एम५ ना तिसरी कडी बसवावी लागली.

२२/ सर्वांत बोचरी गोष्ट जुन्या लेन्सबाबतची. वापर नसताना आत ढकलून ठेवता येणाऱ्या लेन्स हे लायकाचे जुने वैशिष्ट्य. एम५ वर त्या आत ढकलल्या तर दांडीवर आदळण्याचा धोका होता. २१ मिलिमीटरची सुपर अँग्युलॉन लेन्स मागे इतकी खोल जाई की तिच्याबरोबर प्रकाशमापक वापरताच येत नसे. म्हणजे ज्याचा संग्रह सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा, त्याचीच अडचण अधिक.

२३/ आता १९५४ शी तुलना करावी. तेव्हा जुन्या लेन्ससाठी कडे होते, आता काही लेन्ससाठी मनाईचा इशारा. तेव्हा वाढलेल्या आकाराचे फळ क्षणोक्षणी डोळ्याला दिसे. आता वाढलेल्या आकाराचे फळ म्हणजे प्रकाशाचे माप, आणि मुरलेला छायाचित्रकार ते अनुभवाने अंदाजत असे किंवा खिशातल्या मापकाने घेत असे. जे मिळाले ते उपयुक्त होते, पण जे गेले ते दर क्षणी हाताला जाणवत होते.

२४/ तरी एम५ ला 'कोणीच घेतला नाही' हे खरे नाही. चार वर्षांत तेहतीस हजारांच्या आसपास कॅमेरे बनले. ज्यांनी तो सवयीचा करून घेतला, त्यांनी त्याच्या मापकाची आणि मोठ्या तबकडीची वाखाणणी केली. पण एम३ च्या काळातील खपाशी तुलना करता हा आकडा तुटपुंजा ठरतो. एसएलआरकडे गेलेला ग्राहक परत आणण्याची जी आशा त्याच्यावर होती, ती फळाला आली नाही. त्याचे कारण समजून घ्यायला त्याचे तीन प्रतिस्पर्धी पाहावे लागतात.

२५/ पहिला प्रतिस्पर्धी होता ग्राहकाच्या हातातलाच जुना लायका. एम३ इतका टिकाऊ होता की सतरा वर्षांनीही तो नव्यासारखा चाले. निष्ठावंत ग्राहकाकडे नवा कॅमेरा घेण्याचे कोणतेही सक्तीचे कारण नव्हते. मोडत नाही अशी वस्तू बनवणाऱ्या कारागिराची ही जुनीच व्यथा आहे. त्याच्या नव्या मालाला सर्वांत कडवी स्पर्धा त्याच्याच जुन्या मालाची असते.

२६/ दुसरा प्रतिस्पर्धी जपानी एसएलआर. ज्याला खरोखर प्रकाशमापक हवा होता, असा तरुण छायाचित्रकार निकॉनकडे आधीच गेला होता आणि त्याच्या लेन्सही आता त्याच पद्धतीच्या होत्या. एम५ हा ज्यांनी घर सोडले नाही त्यांच्यासाठी फार वेगळा होता, आणि ज्यांनी घर सोडले त्यांना परत बोलावण्याइतका वेगळा नव्हता. शिवाय लाइट्झची स्वतःची लायकाफ्लेक्स ही एसएलआर मालिकाही चालू होतीच.

२७/ तिसरा प्रतिस्पर्धी घरातलाच. लाइट्झने जपानच्या मिनोल्टाशी सहकार्य केले आणि १९७३ मध्ये लायका सीएल आला. तो जपानमध्ये बने, आकाराने लहान, किमतीने बराच कमी. एम मालिकेच्या लेन्स त्यावर बसत आणि प्रकाशमापन तसेच, हलत्या दांडीवरचे! १९७६ पर्यंत सुमारे ६५ हजार सीएल बनले, म्हणजे एम५ च्या जवळपास दुप्पट. लहान लायका आणि आत प्रकाशमापक, ही मागणी खरीच होती याचा हा पुरावा.

२८/ काळही प्रतिकूल होता. १९७१ नंतर डॉलरचे स्थिर विनिमय दर कोसळले आणि जर्मन मार्क वधारत गेला. त्यामुळे वेट्झलारमध्ये हाताने जुळवलेले यंत्र अमेरिकी ग्राहकाला आणखी महाग पडू लागले. खर्च आवरण्यासाठी लाइट्झने १९७३ मध्ये पोर्तुगालमध्ये कारखाना काढला. याच सुमारास स्वित्झर्लंडच्या वाइल्ड हीरब्रुग या कंपनीने लाइट्झचे भागभांडवल घेतले. घराण्याचा उद्योग घराण्याच्या हातातून निसटत होता.

२९/ कंपनीने स्वतःच दिलेला निकाल सर्वांत बोलका आहे. एम५ च्या आगमनानंतर बंद केलेल्या एम४ चे उत्पादन १९७४ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. नव्या मॉडेलच्या हयातीतच जुने मॉडेल परत आणणे ही कबुलीच होती. १९७५ मध्ये एम५ थांबला, एम४ ही थांबला. लायकाच्या पन्नासाव्या वर्षी वेट्झलारमध्ये एम मालिकेचा एकही कॅमेरा नियमित उत्पादनात उरला नाही.

३०/ परंपरा वाचली ती अटलांटिकपलीकडे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मिडलँड येथे लाइट्झचा कारखाना १९५२ पासून होता. तिथल्या प्रमुखांनी, वॉल्टर क्लुक यांनी, एम कॅमेरे कमी खर्चात बनवण्याची जबाबदारी उचलली. १९७७ च्या सुमारास एम४-२ आला. शरीर एम४ चेच. त्यावर मोटर लावता येई, विद्युत फ्लॅश थेट माथ्यावर बसे. प्रकाशमापक मात्र नव्हता! पुढे जाण्यासाठी कंपनी चक्क एक पाऊल मागे आली होती.

३१/ आणि मग १९८४ मध्ये एम६. आकार जवळजवळ एम४ चा. आत लेन्समधून मोजणारा प्रकाशमापक. दांडी कुठे गेली? शटरच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका रंगवला होता. त्यावर पडून परतणारा प्रकाश लेन्सच्या खोबणीजवळ लपलेला सिलिकॉनचा बारीक घटक टिपत असे. हलणारा एकही भाग नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये सुईऐवजी दोन लाल बाण. १९७१ मध्ये दांडीच्या यंत्रणेने व्यापलेल्या जागेची आता गरजच उरली नव्हती.

३२/ एम६ आणि त्याचा सुधारित अवतार मिळून २००२ पर्यंत दीड लाखाहून अधिक कॅमेरे बनले. म्हणजे एम५ ने ओळखलेली गरज चुकीची नव्हती. चुकला तो मुहूर्त आणि साचा. सिलिकॉनचे लहान, चपळ घटक आणि सूक्ष्म विद्युत मंडले हाताशी येण्यापूर्वी जे उत्तर शक्य होते, ते यांत्रिकच होते आणि म्हणूनच मोठे होते.

३३/ इतिहासाचा विनोद असा की एम५ ची काही वैशिष्ट्ये नंतर चोरपावलांनी परतली. १९९८ च्या एम६ टीटीएल मध्ये शटरची तबकडी पुन्हा मोठी झाली आणि कॅमेरा सुमारे दोन मिलिमीटर उंच झाला. या वेळी आकाश कोसळले नाही. मुख्य बांधा तोच राहिल्यामुळे हाताला आपल्याच घरात असल्यासारखे वाटत राहिले.

३४/ कंपनीही धडा शिकली. २००२ मध्ये विद्युत शटरचा एम७ आला, तेव्हा पुढच्याच वर्षी पूर्ण यांत्रिक एमपी आणून जुन्या पंथाच्या भक्तांची सोय केली गेली. २०१४ चा एम-ए तर प्रकाशमापकाविनाच आहे. २०२२ मध्ये, डिजिटल युग ऐन भरात असताना, एम६ पुन्हा उत्पादनात आला. १९५७ चे ते धोरण पुन्हा दिसते : नव्याचे दार उघडा, पण जुन्याचे बंद करू नका.

३५/ आणि एम५? काळाने त्याच्याशी थोडा न्याय केला आहे. पूर्वी ज्याला 'वीट' म्हणून हिणवले गेले, त्याला आज फिल्मवर काम करणारे अनेक तरुण आवडीने शोधतात. त्यांच्या बोटांना एम३ ची सवय नाही, त्यामुळे मोडायला जुनी सवयच नाही. मात्र त्याच्या मापकाला लागणारी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. पर्याय शोधावा लागतो, नाहीतर माप चुकते.

३६/ एखाद्या वस्तूच्या अपयशाचे एकच कारण सांगणाऱ्या गोष्टी लक्षात राहतात, पण बहुधा अपुऱ्या असतात. एम५ च्या मागे आकार होता, जुन्या लेन्स होत्या, वधारलेला मार्क होता, जपानी एसएलआर होते आणि घरचा सीएलही होता. यातले एखादे कारण नसते, तर कदाचित चाहत्यांनी कुरकुर करत का होईना त्याला आपलेसे केलेही असते.

३७/ तरीही एक गोष्ट या साऱ्यात सामायिक राहते. ग्राहकांनी काय हवे ते मोठ्याने सांगितले होते : प्रकाशमापक. काय जाऊ नये ते मात्र कोणी सांगितले नव्हते, कारण ते गृहीतच होते. डोळे मिटूनही ओळखू येणारा तो बांधा कोणत्याही मागणीपत्रात लिहिलेला नव्हता. वेट्झलारच्या अभियंत्यांनी मागणीपत्र काटेकोरपणे पूर्ण केले. न लिहिलेले कलम कळायला आणि पाळायला आणखी तेरा वर्षे लागली.

(धागा समाप्त)